तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवर गोव्याला जायचं तर

"पुण्याहून गोवा, तेही समुद्राकाठच्या रस्त्याने, सायकलवर? रोज किती किलोमीटर मारता? आणि... बसायला त्रास नाही का होत?"

सोसायटीच्या गेटवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत हे प्रश्न याच क्रमाने येतात, आणि शेवटचा नेहमी आवाज खाली आणून. आमचा ग्रुप हिवाळ्यात आठवडाभराच्या सफरीला निघतो. ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, मग खाड्या ओलांडत दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि तेरेखोल. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या पुढे जातं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करू, कारण पाय दुखले म्हणून सफर सोडणारे मी फारसे पाहिले नाहीत. बूड दुखलं म्हणून सोडणारे पाहिलेत.

त्रास होतो. पण त्यावर उपाय म्हणून दुकानात टांगलेलं ते गुबगुबीत जेलचं कव्हर आणू नका. फार मऊ सीटमध्ये बसायची हाडं आत रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर येतो. तासाभरात मुंग्या यायला लागतात. सीट जरा कडकच बरी, फक्त तिची रुंदी आपल्या बसायच्या दोन हाडांमधल्या अंतराला जुळायला हवी. बायकांमध्ये हे अंतर साधारणपणे जास्त असतं. नवऱ्याची सायकल घेऊन निघालेली बाई चाळिसाव्या किलोमीटरला रडकुंडीला येते तेव्हा "सवय नाही हो तिला" म्हणणाऱ्यांनी आधी सीट बघावी. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही. हे दुकानदार संकोचाने सांगत नाही, म्हणून मी सांगते: आतल्या कपड्याची शिवण दिवसभर एकाच जागी घासते आणि दुसऱ्या दिवशी तिथे सोललेलं असतं. निघताना व्हॅसलीन लावायचं. मुक्कामी पोचल्यावर आधी आंघोळ, मग चहा. शॉर्ट्स लगेच धुवून वाळत टाकायच्या, आणि कोकणातल्या दमट हवेत त्या सकाळपर्यंत वाळतीलच याचा भरवसा नाही, म्हणून किमान दोन तरी जवळ हव्यात.

आता किलोमीटर. रोज ऐंशी ते शंभर. हा आकडा ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे सोलापूर रोड येतो आणि "मग काही विशेष नाही" असा चेहरा होतो. नकाशावर हा रस्ता समुद्राला चिकटून गेलेला दिसतो, चढ कुठून येणार? खाडीतून येतो. रस्ता खाडीपर्यंत उतरतो, पलीकडे गेलात की सरळ सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढवतो. वर जांभ्याचा उघडा कातळ, सावलीला झाड नाही. तिथून पुन्हा पुढच्या खाडीला उतार. असं दिवसभर. ऐंशी किलोमीटरमध्ये हजार मीटर चढाई सहज होऊन जाते. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण सहाशे मीटर चढतो, त्यावरून हिशेब करा. आरे-वारेला तर सगळे फोटोसाठी थांबतात म्हणून बरं. त्या चढावर थांबायला कारण मिळालेलं प्रत्येकाला हवंच असतं.

म्हणून तयारी किलोमीटरची करू नका, दुसऱ्या दिवशीच्या सकाळची करा. एकदा शंभर किलोमीटर बऱ्यापैकी कुणीही रेटून नेतो. आमच्यात काही जण ब्रेव्हे करणारे आहेत, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, तीनशेला वीस तास, अशा वेळेशी बांधलेल्या राईड. तगडी माणसं. पण ब्रेव्हे संपली की घरी जाऊन झोपता येतं. सफरीत मांड्या भरून आलेल्या असताना सकाळी सहाला पुन्हा त्याच सीटवर बसायचं असतं, आणि नवख्यांचे चेहरे पडतात ते तिथे. त्यामुळे शनिवारी लांबची राईड आणि रविवारी, अंग दुखत असतानाच, तिच्या निम्मी. शनिवारी पानशेत आणि पुढे जमेल तेवढं, रविवारी बोपदेव नाहीतर दिवे घाट. नंतर नंतर पाबे घाट. दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं, आणि निघायच्या आधीचा आठवडा जवळजवळ आरामाचा. तीन महिने पुरतात. मधल्या वारी तासभर सायकल किंवा घरातच स्क्वॉट आणि प्लँक. पाठ आणि पोट कमकुवत असेल तर सगळा भार तळव्यांवर येतो आणि करंगळी बधिर होते.

खाण्याचंही याच तीन महिन्यांत शिकायचं. भूक लागायची वाट बघायची नाही. पाऊण तासाला काहीतरी तोंडात: केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. कोकणात घाम इतका जातो की नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ पोटात गेलं पाहिजे. जेवणाच्या बाबतीत एकच सल्ला: सुरमईची थाळी संध्याकाळी. दुपारी दीडला ती रिचवून सड्यावर चढणाऱ्यांना मी रस्त्याकडेच्या काजूखाली आडवं झालेलं पाहिलंय.

राहिला ग्रुप, आणि याबद्दल कुणीच विचारत नाही. पुढे कोण राहतं यापेक्षा मागे कोण राहतं हे ठरवणं जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे ताकदीचा माणूस शेपटीला असतो. त्याच्याकडे पंप, हत्यारं, औषधं. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. फाट्यावर वळणाऱ्याने मागचा माणूस नजरेला पडेपर्यंत हलायचं नाही, कारण खाडीच्या खोलगट भागात मोबाइलला रेंज नसते आणि चुकीचा उतार उतरलेला माणूस तोच चढ चढून परत येतो. उतारावर एकमेकांत भरपूर अंतर, कारण वळणावर जांभ्याची बारीक खडी असते आणि कधी रस्ताभर बसलेली गुरं.

आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेले. चढावर त्यांचा वेग इतका कमी की शेजारून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई पुढे निघून जाते, आणि जाताना "दमलात काय?" म्हणून विचारते. काका हँडलवरचा हात न काढता मान हलवतात. हळू पण थांबत नाहीत. पहिल्या दिवशी जोरात पुढे गेलेल्या तरुण मंडळींची चुळबुळ सुरू होते: आपण किती वाट बघायची? मग येतो धक्का. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, तिन्ही ठिकाणी फेरीबोट, आणि ती तिच्या वेळेला सुटणार. धूम ठोकून आलेली पोरं धक्क्यावर पाय सोडून बसलेली असतात, काका निवांत येतात, तिकीट काढतात आणि त्याच बोटीत चढतात. दुसऱ्या खाडीनंतर कुणी वेगाचं बोलत नाही.

सामानाचं थोडक्यात. स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब बरोबर घ्या. गावातल्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब मिळेल, पण तुमच्या बारीक चाकाची आणि प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाच्या, व्हॉल्व्हची मिळायची नाही. पेट्रोल पंपाची हवाही त्यात अडाप्टरशिवाय भरता येत नाही. मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकला तर तो त्या मॉडेलचाच लागतो, तोही जवळ ठेवा. बरोबर टेम्पो असेल तर ज्याला बसायचं त्याने बसावं, त्यावर ग्रुपवर विनोद नकोत. दिवाळीनंतर तयारीला लागलात तर जानेवारीच्या शेवटी निघता येईल. त्याहून उशीर करू नका, फेब्रुवारी सरत आला की सड्यावरचं ऊन सोसत नाही.

आणि हल्ली नव्याने विचारलं जातं ते: ई-सायकल चालेल का? चालेल की. चार्जर विसरू नका, मुक्कामी वीज गेली तर तक्रार करू नका, आणि चढ संपला की आमच्यासाठी थांबा.