फलाट लांबला कसा?

बीएस्सीच्या वर्गाला लॉरेन्ट्झ रूपांतर (एकाने मोजलेली जागा आणि वेळ त्याच्या सापेक्ष चालणाऱ्या दुसऱ्याच्या हिशेबात बदलून देणारी सूत्रं) शिकवताना मी गणित परभणी स्टेशनावर मांडतो. फलाटाच्या दोन टोकांना दोन दिवे, मधलं अंतर ६०० मीटर धरायचं. फलाटावरच्या माणसाच्या घड्याळाने दोन्ही एकाच क्षणी लागतात. मनमाडकडून गाडी येते, वेग प्रकाशाच्या ०.६ पट. (पॅसेंजरने येणारी पोरं इथे हसतातच.) गाडीतल्या माणसाचा हिशेब काय?

गॅमा, म्हणजे वेगावरून निघणारा गुणक, आला १.२५. दिवे लागण्याच्या दोन घटनांमधलं अंतर ७५० मीटर. वेळेच्या सूत्रात मात्र नुसती वेळ नसते, जागाही घुसलेली असते. म्हणून पुढचा दिवा १.५ मायक्रोसेकंद आधी लागला, असं उत्तर येतं. एवढं फळ्यावर लिहून मी पुढे सरकणार, तेवढ्यात सेलूहून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, गाडीतून पाहिलं तर पळता फलाट आखूड व्हायला पाहिजे ना? गॅमाने भागून ६०० चे ४८०. मग हे ७५० कामून आले?"

पोरीने बरोबर नस पकडली होती. पाठ केलेली सूत्रं अशीच एकमेकांच्या अंगावर येतात. लांबी मोजायची तर दोन्ही टोकांच्या खुणा एकाच क्षणी करायला हव्यात, आणि गाडीतल्या माणसासाठी हे दिवे एका क्षणी लागलेलेच नाहीत.

"पुढचा दिवा लागला, मागचा अजून लागायचाय," मी म्हटलं. "तोवर गाडीच्या हिशेबाने फलाट किती मागे सरकला?"

तिने वहीतच गुणाकार केला. "२७० मीटर." मग स्वतःच पुटपुटली, "चारशे ऐंशी न् दोनशे सत्तर... साडेसातशे!"

डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झने ही सूत्रं १९०४ मध्ये मांडली, पण ती बदललेली वेळ त्याला गणिताची सोय वाटत होती. चालत्या घड्याळाची तीच खरी वेळ, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ठणकावून सांगितलं. कालविस्तरणाचं (चालतं घड्याळ हळू चालतं, याचं) सूत्र आधी शिकवणारी पुस्तकं मला म्हणूनच आवडत नाहीत. ते सूत्र इथे लावलं तर शून्याचं शून्यच राहतं, आणि सगळी गंमत त्या दीड मायक्रोसेकंदात आहे.

घंटा झाली तरी मागचा बाक हलेना. एकाने वेग ०.८ धरून पाहिला होता. आखूड फलाट ३६०, सरकलेला ६४०.

"सर, हजार! सूत्रानेबी हजारच येऊ लालेत."