पुढच्या थंडीचे जळण

हवेत पहिला गारवा आला की रानालगतच्या वस्त्यांमध्ये कुऱ्हाडीचा आवाज वाढतो आणि वाटेने जाणाऱ्याला वाटते की ही माणसे आता थंडीच्या तयारीला लागली आहेत. वस्तुस्थिती वेगळी असते. ज्यांचे पोट सरपणावर चालते ते या थंडीत बहुधा पुढच्या थंडीचे लाकूड तोडत असतात. यंदा जाळायचे लाकूड गेल्या वर्षीच तोडून, फोडून, रचून आणि वाळवून झालेले असते. ऐन थंडीत ताज्या लाकडामागे धावणाऱ्याला तहान लागल्यावर विहीर खणणारा म्हणावे, तर फरक एवढाच, की त्याच्या विहिरीला पाणी मात्र हवे त्याहून कितीतरी जास्त लागते आणि तेच त्याचे दुखणे होऊन बसते.

नुकत्याच पाडलेल्या झाडाचे निम्म्याच्या आसपास वजन नुसत्या पाण्याचे असू शकते. असे लाकूड आगीत घातले की आग आधी त्या पाण्याची वाफ करण्याच्या मागे लागते. एक किलो पाणी उकळीला आणण्याची उष्णता सोडून दिली, तरी त्याची वाफ करायलाच सुमारे २२६० किलोज्यूल खर्ची पडतात, आणि नीट वाळलेले एक किलो लाकूड साऱ्या जळण्यातून देते ते साधारण १५,००० किलोज्यूल. म्हणूनच जळणातली ओल २० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत जाणकार त्याला हात लावत नाहीत. सुक्याबरोबर ओलेही जळते हे आपण माणसांच्या बाबतीत म्हणतो आणि तिथे ते खरेही असेल, पण आगीपुरते बोलायचे तर ओले लाकूड जळण्याआधी सुक्याची बरीचशी कमाई खाऊन टाकते आणि बदल्यात डोळ्यांत धूर घालते.

मग तोडायचे ते थंडीतच का, असा प्रश्न उरतो. एक कारण अगदी व्यवहारी आहे: शेतातली कामे उरकलेली असतात आणि हात रिकामे असतात. पानगळ झालेली असल्याने झाड कुठे झुकले आहे, कोणती फांदी कुठे अडकेल, हे स्वच्छ दिसते. शिवाय रुंद पानांच्या कित्येक झाडांनी आपला साठा या दिवसांत मुळांत आणि बुंध्यात आवरून ठेवलेला असतो, त्यामुळे आता जमिनीलगत तोडले तर वसंतात त्याच खुंटातून जोमदार फुटवे निघतात आणि काही वर्षांनी तोच खुंट पुन्हा जळण देतो. हे शहाणपण किती जुने आहे याची कल्पना यावी असा एक पुरावा इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या दलदलीत सापडलेला आहे. तिथे नवाश्मयुगातल्या लोकांनी चिखलातून चालण्यासाठी लाकडाची वाट बांधली होती. तिच्या फळ्यांमधली वाढीची वर्तुळे मोजून अभ्यासकांनी दाखवून दिले, की ती झाडे इसवी सनापूर्वी ३८०७-३८०६ च्या हिवाळ्यात पाडलेली होती; आणि तिच्यातले बरेच सरळसोट वासे अशा फुटव्यांचेच होते. ते लाकूड जळणासाठी नव्हते हे खरे, पण खुंट राखून तोडण्याची रीत तीच.

झाड पाडणे हे काम लोकांच्या डोळ्यांत भरते. मला स्वतःला मात्र फोडणे अधिक पाहण्यासारखे वाटते. ओंडका ठोकळ्यावर उभा केला की मुरलेला माणूस लगेच कुऱ्हाड उचलत नाही. तो वाकून ओंडक्याचे तोंड पाहतो. काही आठवडे पडून राहिलेल्या ओंडक्याच्या तोंडावर मधल्या गाभ्यापासून सालीकडे गेलेल्या बारीक चिरा दिसतात. त्यांचे कारण असे, की वाळताना लाकूड वर्तुळांच्या अंगाने जितके आक्रसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसते, आणि या ओढाताणीत ते सालीकडे जाणाऱ्या रेषांवर फाटते. म्हणजे कुठे घाव घालावा हे लाकडाने आपणहून लिहून ठेवलेले असते. वाचता येणाऱ्याचे श्रम वाचतात. फार जाड ओंडका असेल तर मधोमध घाव घालण्याच्या फंदात न पडता कडेकडेने ढलप्या काढत आत शिरायचे असते. फोडायची कुऱ्हाड पाडायच्या कुऱ्हाडीसारखी पातळ नसते. पातळ पाते तंतू आडवे कापते. फोडायच्या कुऱ्हाडीचे गाल फुगीर असतात, आणि ती तंतू कापण्याऐवजी त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. घाव बरोबर बसला की आवाज एकदम पोकळ होतो, दोन्ही फाका बाजूला कलतात, आतला फिका ओलसर भाग उघडा पडतो आणि शेवटचे चार तंतू हाताने ओढून तोडावे लागतात. कडाक्याची थंडी पडून लाकडातले पाणी गोठले असेल तर हेच काम आणखी सोपे होते, कारण गोठलेले लाकूड चिवटपणा सोडून ठिसूळ होते. बोटे बधिर करणारी थंडी या एका कामात मात्र मदतीला येते.

गाठीचे ओंडके निराळे. जिथून फांदी फुटली तिथे तंतू वळलेले आणि एकमेकांत गुंतलेले असतात, आणि नवशिक्याची सारी रग नेमकी तिथे जिरते. "ती गाठ राहू दे बाजूला, तिच्यामागे कुऱ्हाड बोथट करू नकोस," असे कोणीतरी वडीलधारे सांगते आणि तो ओंडका तसाच अखंड एका कडेला लोटला जातो. तो वाया जात नाही. आधीच आग चांगली धरलेली असताना असा गाठाळ ठोकळा तिच्यात घातला तर सरळ फोडलेल्या फाकांपेक्षा जास्त वेळ टिकतो, म्हणून तो सर्वांत थंड रात्रीसाठी राखून ठेवतात.

दिवस लहान असल्याने कामही लवकर आवरते. फोडलेल्या जागेवरच्या ढलप्या पोरे गोळा करतात, कारण आग पेटवायला त्यांच्याइतके सोयीचे काही नसते. एकीकडे पात्याला दगडावर धार लावणे चालते. कोरड्या हवेत दांड्याचे लाकूडही आक्रसते आणि कुऱ्हाडीचे डोके त्यावर डुगडुगू लागते, तेव्हा पाचर ठोकून ते पुन्हा घट्ट करावे लागते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात खरे, पण गोताचे गुण काही त्याला सुटत नाहीत.

यानंतरचे काम बघे लोक कधी पाहत नाहीत आणि माझ्या मते खरी हुशारी त्यातच आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या तोंडांतून पाणी जितक्या लवकर बाहेर पडते तितके ते बाजूंनी पडत नाही, आणि साल तर त्याला जवळजवळ अडवूनच धरते. म्हणून आखूड तुकडे करायचे, फोडून अंग उघडे करायचे आणि वारा आरपार जाईल अशा बेताने रचायचे. रास जमिनीला टेकू द्यायची नाही, तिच्या डोक्यावर आडोसा हवा पण बाजू मोकळ्या हव्यात. सगळीकडून झाकून ठेवलेली रास वाळण्याऐवजी कुबट होते. वाळलेल्या दोन फाका एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजतात, ओल्या नुसत्या ठप्प करतात.

सालीची बाजू वर ठेवायची की खाली, यावर मात्र एकमत होणे कठीण आहे. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये सरपणावर सलग १२ तासांचा कार्यक्रम दाखवला, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. निम्म्यांचे म्हणणे साल वर ठेवली हे चुकले, निम्म्यांचे म्हणणे ती खाली ठेवली हे चुकले. मापाची गोष्टही अशीच वादाची. फ्रान्सने १७९५ मध्ये दशमान पद्धतीचा कायदा केला तेव्हा मीटर, लिटर आणि ग्रॅम यांच्याबरोबर खास सरपणासाठी 'स्तेर' नावाचे माप ठरवले, म्हणजे एक घनमीटर. अमेरिकेत चार फूट उंच, चार फूट रुंद आणि आठ फूट लांब अशी १२८ घनफुटांची 'कॉर्ड' चालते. पण रास रचली की तिच्यात लाकडाइतकीच सहज हवाही बसते, आणि ती किती बसवायची हे रचणाऱ्याच्या हातात असते. वाकडीतिकडी लाकडे हवी तशी ठेवून माप भरणारा विक्रेता गिऱ्हाइकाला थोडा वारा विकत असतो, असे म्हणायला हरकत नाही.

हे वर्षभर आधीचे तोडणे आणि रचणे ज्याच्याकडे जागा आहे, आडोसा आहे आणि एक हंगाम पुरेल एवढे जुने लाकूड हाताशी आहे त्यालाच जमते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात तोडल्या जाणाऱ्या लाकडांपैकी जवळजवळ निम्मे इंधन म्हणून जळते, आणि त्यातला फार मोठा भाग कुऱ्हाडबहाद्दर पुरुषांच्या राशींतून येत नाही. आशिया आणि आफ्रिकेच्या कितीतरी भागांत तो बायकांच्या डोक्यावरून, चुंबळीवर तोललेल्या मोळीच्या रूपाने घरी पोहोचतो. मोळी आणणारीला ओल आणि सुके यांतला फरक कळत नाही असे मुळीच नाही. ती वाळक्या काटक्या आधी उचलते, मोडताना होणाऱ्या आवाजावरून त्यांची पारख करते, आणि त्या मिळेनाशा झाल्या की मगच ओल्याला हात घालते. पण आज आणलेले आजच जाळायचे असल्यामुळे थांबायला तिच्याकडे वर्ष नसते. तिच्याकडे एक रात्र असते. म्हणून ओली लाकडे ती विस्तवाभोवती कडेने उभी करून ठेवते, आजच्या आगीच्या धगीवर उद्याचे जळण निदान वरवर तरी कोरडे होते, आणि जाडजूड तुकडे आगीच्या बाजूला व बारीक मागे ठेवायचे की नाही, ठिणगी उडून त्यांतले एखादे आजच पेटणार तर नाही ना, यावर झोपण्यापूर्वी घरात एकदा तरी बोलणे होतेच.