हवा जाते कुठे?

फुटलेल्या टायरबद्दल माझी कधीच तक्रार नसते. खिळा घुसतो, मोटरसायकल डुलायला लागते, आपण ती ढकलत जवळच्या पंक्चरवाल्याकडे नेतो आणि अर्ध्या तासात विषय संपतो. खरा छळवाद वेगळाच. गेल्या आठवड्यात भरलेली हवा आज थोडी कमी वाटते. वाटते, एवढंच. गाडी चालते, वळते, थांबते. फक्त फोंड्याहून पणजीला जाताना फर्मागुडीच्या चढणीवर मागचं चाक रस्त्याला चिकटल्यासारखं होतं आणि पुढच्या वळणांवर गाडीचा मागचा भाग अंमळ हलतो. की आपल्यालाच भास होतोय?

आमच्याकडे यावर सर्वमान्य तोडगा आहे. पेट्रोल घालताना हवाही घालून घ्यायची. आधी महिन्याने, मग आठवड्याने, मग दिवसाआड. हवा भरली की दुखणं गेलं असं मानणाऱ्यांत चांगले शिकलेले लोक आहेत, बँकेत अधिकारी असलेले आहेत. आणि टायर बिचारा सोसत राहतो. हवा कमी असली की त्याच्या कडेच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, वाकून वाकून तापतात आणि रबर आतून खचत जातं. शिवाय टायर दोन्ही कडांना झिजतो आणि पेट्रोलही जास्त खातो. मोटरसायकलवर पोट असणारे पायलट, म्हणजे आमच्या गोव्यातले मोटरसायकल-टॅक्सीवाले, मात्र हा आळस परवडून घेत नाहीत. पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन स्टँडवर उभा असलेला पायलट गिऱ्हाईक मागे बसताना एकदा चाकाकडे बघतोच.

हवा उतरते म्हणजे भोक असतंच, असं नाही. रबर दिसतं घट्ट, पण हवा त्यातून झिरपतेच. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले (त्याच्या चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने याच कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, पण नाव झालं डनलॉपचं), तेव्हापासून ही झिरपण चालूच आहे. पुढे १९३७च्या सुमाराला ब्यूटिल रबर निघालं. ते साध्या रबरापेक्षा कितीतरी पटींनी हवा धरून ठेवतं. आजच्या ट्यूबलेस टायरच्या आत त्याच जातीच्या रबराचा पातळ थर असतो. तरीही ठणठणीत टायर महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) सोडतोच. त्याला आजार म्हणत नाहीत.

मग येतं हवामान. जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा विशीच्या आसपास असतो आणि दुपारी तिशी ओलांडतो. दहा अंशांच्या फरकाने २८ पीएसआयच्या टायरमध्ये जवळजवळ दीड पीएसआयचा फरक पडतो. एक कणही बाहेर न जाता! दुपारी पंपावर, तेही पणजीहून तापून आलेल्या टायरात, काटा २८वर आणून घेतला तर सकाळी तोच टायर २४-२५ दाखवणार आणि आपण खिळा शोधत बसणार. चोर्ला घाटाची गंमत आणखी निराळी. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे मीटरवर आकडा एखाद्या पीएसआयने चढतो. वरची थंडी त्यातला अर्धाअधिक परत उतरवते. बेळगावला पोचून हवा ‘बरोबर’ करून घेणाऱ्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

तेव्हा तपासाची पहिली अट म्हणजे वेळ एकच ठेवायची. सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी. आणि मीटरही एकच, स्वतःचा. पंपांवरच्या मीटरांचं आपसात पटत नाही. आपला मीटर दोन पीएसआय खोटं बोलत असला तरी चालेल, रोज तेवढंच खोटं बोलला म्हणजे झालं. दोन्ही चाकं मोजायची, हे महत्त्वाचं. दोन्ही सारखीच उतरली तर थंडीला दोष द्या आणि चहा घ्या. एकच उतरलं तर पुढचा तपास. पण या मोजण्यातही एक मेख आहे. मीटर लावताना-काढताना दर वेळी ‘फुस्स’ होतं आणि मोटरसायकलच्या टायरात मुळात हवा ती किती! रोज तपासणारा माणूस स्वतःच हवा काढत असतो. तपासण्यांसाठी रक्त काढून काढून रोग्याला अशक्तपणा आणणाऱ्या डॉक्टरासारखंच हे. दोनतीन दिवसांनी एकदा मोजलं तरी पुरे. अंगठ्याने दाबून बघण्याला तर काहीच अर्थ नाही. २० असो की २८, अंगठ्याला दोन्ही दगडच.

संशयितांत माझा पहिला नंबर नेहमी व्हॉल्व्हचा, कारण तिथे बघायला पैसे पडत नाहीत. टोपी काढायची, बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडाला लावायची आणि वाट बघायची. फुगा आला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्या रबरी चकतीवर कचरा बसलाय. पिन किल्लीने आवळता येते, बदलायची झाली तरी किरकोळ खर्च. पण व्हॉल्व्हची खरी लबाडी तळाशी असते. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह उन्हाने वर्षानुवर्षं वाळतो आणि रिमला चिकटतो तिथे बारीक चिरतो. उभा असताना काही दिसत नाही. बोटाने एका बाजूला वाकवला की चीर उघडते आणि साबणाच्या पाण्याला फेस येतो. गाडी पळताना चाकाच्या फिरण्याने व्हॉल्व्ह असाच बाहेर ओढला जातो. म्हणजे हवा जाते रस्त्यावर आणि आपण शोधतो अंगणात.

खिळ्याचा नंबर दुसरा. जत्रेच्या फेरीतले, म्हणजे बाजारातले, मांडव उतरले किंवा जवळपास घराचं काम चालू झालं की रस्त्यावर खिळ्यांची पेरणी होते. ट्यूबवाला टायर असेल तर निकाल लगेच लागतो. ट्यूबलेसचं रबर मात्र खिळ्याला असं आवळून धरतं की आठवडेच्या आठवडे नुसता पाझर चालतो. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, टायर भरपूर फुगवायचा आणि कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी नक्षीच्या खाचाखाचांतून ओतत चाक तसूतसूने फिरवायचं. घाई करणाऱ्याला इथे काही सापडत नाही. मोठं भोक बुडबुडे काढतं, बारीक भोक पाचसात मिनिटांनी नुसती पांढरी साय धरतं. आणि खिळा दिसला तरी तिथल्या तिथे उपटायचा नाही. पंक्चरवाल्याच्या दारात पोचेपर्यंत तोच बूच आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मागच्या चाकाला हे दोन्ही संशयित निर्दोष ठरले. आमचा मेस्त, म्हणजे मेकॅनिक, फोंड्याच्या बाजारामागे बसतो. त्याने टायर पाण्याच्या टाकीत बुडवला, एकदाच गोल फिरवला आणि म्हणाला, “खिळो ना, बाब. रीम पळे.” (खिळा नाही, रिम बघ.) टायरची कड जिथे रिमला बसते तिथून, वीतभर लांबीत, मोहरीएवढे बुडबुडे ओळीने वर येत होते. टायर उतरवल्यावर कारण दिसलं. रिमच्या आतल्या काठावर पांढरट खरवड आली होती आणि तिच्यात तांबडी माती भरून पक्की झाली होती. गोव्यात ॲलॉय रिमला आणखी काय होणार? किनाऱ्याकडे खारा वारा, आतल्या भागात जांभ्याची माती, आणि जूनपासून पुढचे चार महिने सगळं ओलं. त्यात गाडी पावसात साइड स्टँडवर न हलवता उभी राहिली तर चाकाचा एकच भाग सगळा भार घेतो आणि तिथली कड रिमपासून किंचित सुटते. मेस्ताने आधी तारेच्या ब्रशने खरवड काढली, मग पॉलिश पेपरने रिम गुळगुळीत केली, कडेला साबण फासला आणि एका दमात हवा मारली. दोन्ही कडा ‘ठप्प, ठप्प’ करून जागेवर बसल्या. टायर उतरवलाच होता म्हणून व्हॉल्व्हही नवा घातला. मी तो सांगितला नव्हता, पण त्याचं बरोबर होतं.

तारांच्या चाकावर हा तपास आणखी लांबतो, कारण आत ट्यूब. ती काढून, फुगवून बादलीत बुडवावी लागते. भोक बाहेरच्या अंगाला असलं तर खिळा. आतल्या अंगाला, रिमकडे असलं तर एखाद्या तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची पट्टी सरकलीय. पॅच मारण्याआधी ते कारण काढलं नाही तर पुढच्या महिन्यात शेजारीच दुसरं भोक.

दुकानात मिळणारा तो चिकट द्रव, टायरात ओतला की भोकं आपोआप बुजवणारा, मला पटत नाही. वाटेत रात्री अडकलात तर जरूर ओता. पण रिमच्या खरवडीवर तो औषध नाही, आणि नंतर टायर उघडणाऱ्या मेस्ताचं तोंड बघवत नाही. नायट्रोजनचंही तसंच. तो ऑक्सिजनपेक्षा हळू झिरपतो हे खरं, पण साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. बाकीच्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजायचे की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजत नाही.

मागचा टायर तेव्हापासून धरून आहे. पुढचा मात्र या महिन्यात दीड पीएसआयने उतरलाय. झिरपणारच तेवढा, हे मीच वर लिहिलंय. तरी आज सकाळी त्याच्या व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली. फुगा आला नाही. रविवारी साबणाचं पाणी.