मुंबईहून आलेला डबा

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या माण तालुक्यात पाण्याचे टँकर सुरू होते. अण्णा म्हणाले, "शिकायचं तर शीक पोरी, पण साताऱ्याची मेस कुठनं भरू?" फी माफ होती. अडलं होतं ते खोलीभाडं, मेस आणि पुस्तकांवर.

ते पैसे दिले गावच्या मुंबईकरांनी. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींनी, दरमहा दोनशे-दोनशे काढून. तीन वर्षं, एकदाही न चुकता. त्यातले कितीतरी जण स्वतः सातवी-आठवीत शाळा सोडलेले.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मला त्या मंगळसूत्राची आठवण फार येते.

म्हणून देणाऱ्यांना सांगते, नुसती फी भरू नका, डबा भरा. माझ्या वर्गातल्या दोघी फीपायी नव्हे, जेवणापायी घरी परतल्या.

यंदा मुंबईकरांच्या मंडळात माझेही पैसे आहेत. गावातली एक मुलगी नर्सिंगला चाललीय. परवा तिला दहिवडी स्टँडवर सोडलं. तिच्या आईने माझ्याही हातात भाकरीचं गाठोडं दिलं.