मासा नको, बाटलीत पाणी आणा : आमची वाटचाल

2009 साली डोंबिवलीत भाड्याच्या गाळ्यात शोभेच्या माशांचं दुकान टाकलं तेव्हा मला मासे ओळखता यायचे, विकता यायचे, पण आजारी मासा बरा कसा करतात ते काडीचं माहीत नव्हतं. रविवारी पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याला माशांच्या बाजारात जायचं, मासे आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या गोणीत घालून दोन पायांच्या मधे धरून आणायच्या आणि दुपारपर्यंत टाक्यांत सोडून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक आलं की काच, फिल्टर, रंगीत खडी, दहा-बारा मासे सगळं एकाच दिवशी बांधून द्यायचो. आठवड्याने तोच माणूस हजर, दादा तीन गेले हो, मग मी फळीवरची औषधाची निळी बाटली काढून द्यायचो. बाटली पण संपायची, मासे पण संपायचे. धंदा मात्र बरा चालायचा, खोटं कशाला बोलू.

2011च्या जानेवारीत दणका बसला. थंडी होती, निऑन टेट्रा या छोट्या चमकदार माशांचा एक लॉट आणला आणि घाईत थेट मेन टाकीत सोडला, आणि माझ्या सहा टाक्या एकाच फिल्टरवर जोडलेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट लावली तर माशांवर कोणीतरी मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, सगळे खडीला अंग घासतायत. व्हाईट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. औषध टाकलं, दोन दिवसांत ठिपके गेले, मी खुश, औषध बंद. चार दिवसांनी दुप्पट आले आणि सहाही टाक्यांतले मासे गेले. माल देणाऱ्याला फोन केला तर म्हणे इथून निघताना ठणठणीत होते.

आमच्याकडे एक सर यायचे, कॉलेजात झूलॉजी शिकवायचे, ते रिकाम्या टाक्या बघून म्हणाले, अरे तू औषध घालतोस कोणाला? मग उभ्याउभ्या समजावलं. ठिपक्यातला किडा माशाच्या कातडीच्या आत असतो, तिथे त्याला औषध लागतच नाही. पोट भरलं की तो गळून तळाला जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं निघतात आणि ती नवा मासा शोधत पाण्यात पोहत असतात तेवढ्यातच औषध त्यांना मारतं. म्हणजे ठिपके गेले की रोग गेला नाही, उलट आता तो तळाला वाढतोय. पाणी 28-30 डिग्रीला नेलं की हे चक्र भराभर फिरतं, म्हणून हीटर लावायचा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून एअर पंप जोरात ठेवायचा, फिल्टरमधला कार्बन, म्हणजे कोळसा, काढायचा नाहीतर तोच औषध पिऊन टाकतो, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवायचं. लोच आणि कॅटफिश या माशांना मात्र औषध हात राखून, त्यांना औषध पटकन बाधतं.

तेव्हापासून नवीन माल 15 दिवस वेगळ्या टाक्यांत, त्यांची जाळी आणि बादली पण वेगळी. बायको म्हणाली अर्धी जागा अशीच अडवलीस, विकायचं काय? बरोबरच होतं तिचं, पहिलं वर्ष खेचाखेचीत गेलं.

पण खरा धंदा बदलला तो एका आजींमुळे. स्टीलच्या डब्यात गोल्डफिश घेऊन आल्या होत्या, मासा वर येऊन तोंड उघडमीट करतोय, शेपटीत लाल रेषा. त्यांनी आधीच दुसरीकडून कॅप्सूल आणून घातलेली, पाणी चहासारखं झालेलं. मी विचारलं, आजी, फिल्टर कोण धुतं? तर कौतुकाने म्हणाल्या, सूनबाई दर रविवारी नळाखाली घासून पांढराशुभ्र करते. घ्या! त्या स्पंजमध्येच तर माशाच्या घाणीतला अमोनिया खाणारे जिवाणू राहतात, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन दर रविवारी त्यांना मारत होता. घरच्या टाकीतलं पाणी मागवलं, अमोनिया तपासायचे थेंब टाकले, पिवळं राहायला हवं ते गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. औषध काहीच दिलं नाही. दोन दिवस खाणं बंद, रोज पाव टाकी पाणी बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरीन घाला, स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकासा पिळा. मला मिळाले अँटिक्लोरीनच्या पुडीचे 20 रुपये. मासा जगला, आणि आजींनी पुढच्या महिनाभरात सोसायटीतली चार घरं पाठवली.

तिथून टाकी सांभाळायचं काम सुरू झालं. आज 40 घरं आणि तीन दवाखाने आहेत, हाताखाली दोन पोरं आहेत. नवीन टाकी घेणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी मासे देत नाही, जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, तोपर्यंत दोन-तीन दणकट मासे फार तर. यावर लोक चिडतात, पोराचा वाढदिवस आज आहे म्हणतात, समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

आणि सगळं बरं होत नाही हेही सांगतो. पोट फुगून खवले बाहेर उभे राहिलेला मासा आला की मी हजार रुपयांची औषधं गळ्यात मारत नाही, बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, तसं तोंडावर सांगतो. एका बाईंनी त्यावरून दुकानात रडारड केली, तरी सांगतो.

सोमवारी दुकान बंद पण व्हॉट्सअॅप चालू असतं. फोटो उजेडात काढा, टाकीची लांबी-रुंदी-उंची लिहा, पाणी शेवटचं कधी आणि किती बदललं ते लिहा. नुसतं ‘दादा मासा झोपलाय’ असं लिहू नका.