क्राउटरॉक ऐकताना: कोलोन, ड्युसेलडॉर्फ आणि थोडं म्युनिक

क्राउटरॉक म्हणजे साठचं दशक संपताना आणि सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत वाढलेला प्रयोगशील रॉक. त्यातल्या कोलोनच्या 'कॅन' या बँडचे १९७१ ते १९७३ मधले अल्बम ओळीने ऐकून झाले. हा टप्पा मनासारखा झालाय, म्हणून नोंद करून ठेवते. या वाटेला नव्याने लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं: गिटार आणि गायक राहू द्या, आधी ड्रम पकडा.

'तागो मागो'मधलं (१९७१) 'हालेलूवा' घ्या. साडेअठरा मिनिटं, रेकॉर्डची एक अख्खी बाजू. ड्रमवर याकी लीबेत्साइट. हा माणूस मुक्त जॅझमधून आलेला, आणि इथे एकच ठेका धरून बसतो. सुरुवातीला वाटतं, तेच तेच चाललंय. मग कान बसला की कळतं, मुख्य ठोके जागेवर आहेत, पण त्यांच्या मधले हलके ठोके सतत बदलताहेत. विलंबित ख्यालात ठेका तोच असूनही प्रत्येक आवर्तन वेगळं लागतं, तसं. फरक एवढाच की इथे ड्रम साथीला नाहीत. बाकीचे सगळे त्यांच्या साथीला आहेत.

दुसरी गोष्ट टेपची. हा अल्बम कोलोनजवळच्या न्योर्फेनिशच्या गढीत, फक्त दोन ट्रॅकच्या यंत्रांवर रेकॉर्ड झाला. मंडळी तासन् तास वाजवायची, आणि बासवाला होल्गर चुकाय नंतर त्या टेपा कापून जोडायचा. म्हणजे आपल्याला जे एका दमात वाजवल्यासारखं वाटतं ते खरं तर बांधलेलं आहे. चुकाय आणि कीबोर्डवाला इर्मिन श्मिट दोघंही इलेक्ट्रॉनिक संगीताचा जर्मन रचनाकार श्टॉकहाउझेन याचे विद्यार्थी, त्यामुळे टेप हेही एक वाद्य आहे हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मी हेडफोन लावून जोड शोधत बसते. काही सापडतात, बरेचसे नाहीत, आणि न सापडणाऱ्यांचंच जास्त कौतुक वाटतं.

गायक दामो सुझुकी १९७०मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गात होता. चुकाय आणि लीबेत्साइटने त्याला तिथे पाहिलं आणि त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर स्टेजवर उभा राहिला. त्याचे शब्द समजून घ्यायची धडपड मी सोडून दिली आहे. त्याचा आवाज ठेक्याच्या फटीत कसा शिरतो ते ऐकायचं.

'तागो मागो'ची तिसरी बाजू मात्र अजून माझ्या पचनी पडत नाही. नवख्यांनी तिथून सुरुवात करूच नये. 'फ्यूचर डेज' (१९७३) घ्या. सुझुकीचा या बँडबरोबरचा हा शेवटचा अल्बम, आणि माझ्या मते लीबेत्साइटचं सगळ्यात नाजूक काम.

मग ड्युसेलडॉर्फ. 'नॉय!' हा बँड म्हणजे दोघंच, ड्रमवर क्लाउस डिंगर आणि गिटारवर मिखाएल रोटर. पहिला अल्बम डिसेंबर १९७१मध्ये हॅम्बुर्गला ध्वनिमुद्रक कॉनी प्लांकच्या हाताखाली चार दिवसांत रेकॉर्ड झाला. त्यातलं दहा मिनिटांचं 'हालोगालो' मी पुन्हा पुन्हा लावते. लीबेत्साइट गोल फिरतो, तर डिंगर सरळ जातो. बदल जवळजवळ नाही. जे काही हलतं ते वर, रोटरच्या गिटारांच्या एकावर एक थरांत, आणि त्यातही काही ठिकाणी टेप उलटी फिरवलेली.

दुसऱ्या अल्बमच्या (१९७३) वेळी पैसे संपले, तेव्हा त्यांनी एक बाजू आपल्याच आधीच्या सिंगलवर भागवली: त्यातली गाणी १६ आणि ७८च्या वेगाने (रेकॉर्डच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या) वाजवून. याला फसवणूक म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. १६च्या वेगात तोच ठेका इतका जड होतो की दोन ठोक्यांमधली जागाच ऐकू यायला लागते.

'फाउस्ट' हा बँड या वेळी वरवरच झाला. १९७१ची पहिली रेकॉर्ड पारदर्शक, कव्हरवर मुठीचा एक्स-रे. तिच्यासाठी वेगळा वेळ काढणार आहे.

म्युनिकचं 'पोपोल वुह' ऐकलं आणि ड्रमबद्दल वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवावं लागलं. या बँडचा म्होरक्या फ्लोरियान फ्रिकेने पहिला अल्बम (१९७०) मूग सिंथेसायझरवर उभा केला होता, पण 'होसियाना मंत्रा'त (१९७२) मूग नाही आणि ड्रमही नाहीत. पियानो, ओबो, कॉनी फाइटची गिटार, जाँग युन यांचा आवाज, आणि खाली तानपुरा. पाश्चात्त्य रेकॉर्डवर तानपुरा दिसला की मी सावध होते, कारण बहुतेकदा तो शोभेला ठेवलेला असतो. इथे तो काम करतो. फ्रिके पियानोचे सूर सोडून थांबतो, आणि त्या थांबण्यात तानपुरा भरून राहतो. ठोका नसताना काळ पुढे कसा सरकतो, हे मी या रेकॉर्डवर शिकतेय.

आता बर्लिन. 'टँजरीन ड्रीम' या बँडच्या 'त्साइट'पासून (१९७२) सुरुवात करणार, कारण पाहुणा म्हणून त्यात मूग वाजवणारा हाच फ्रिके आहे, आणि पहिल्या बाजूवर चार चेलो आहेत. त्यानंतर पुन्हा म्युनिक, 'एम्ब्रियो' हा बँड, जे सत्तरच्या दशकाच्या शेवटी जमिनीच्या वाटेने भारतात आले आणि इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले. त्या प्रवासाचा त्यांचा अल्बम कुणी नीट ऐकला असेल तर कुठल्या बाजूपासून सुरू करावं ते सांगा.