चिकाचा डाग

रविवार, रात्री

सकाळी केळीची कापणी होती. घड वाहताना दांड्यातला चीक सदऱ्यावर गळला. ओला असतो तेव्हा पाण्यासारखा, लक्षातही येत नाही. संध्याकाळपर्यंत खांद्यावर काळपट डाग. सुट्टीला रावेरला आलेला भाचा मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, "मामा, ब्लड अँड गोर!"

त्याच्या गेममध्ये तशी सूचना येते म्हणे. ब्लड त्याला ठाऊक, गोर म्हणजे काय? "गोऱ्हा शिंग मारतो, त्यावरून असेल ना?"

हसलो, पण पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. जनावराने शिंग खुपसलं तर त्यालाही इंग्रजीत गोरच म्हणतात. फक्त तो शब्द निराळा, भाल्याच्या जुन्या नावाच्या घराण्यातला. आपल्या गोऱ्ह्याशी दोघांचंही नातं नाही. गेममधला गोर म्हणजे सांडून साकळलेलं रक्त. जुन्या इंग्रजीत मात्र गोर म्हणजे शेण, घाण. रक्ताचा अर्थ त्याला चिकटला तो 16व्या शतकात.

आई भरताची वांगी भाजत होती. तिथूनच म्हणाली, "शेण म्हणजे घाण? त्यांना अंगण सारवायचं नसतं वाटतं." इंग्रजांच्या वतीने मी काय बोलणार!

आपलं रक्त निघालं रंगावरून. संस्कृतात रक्त म्हणजे रंगवलेलं, तांबडं. खून फारसीतला, तिकडे तो नुसतं रक्त, आपल्याकडे येऊन थेट 302 झाला (नव्या संहितेत 103). आई यातलं काहीच म्हणत नाही, तिचं रगत.

पेपरात 'रक्तपात' वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. फार धुतलेला शब्द आहे तो. गोर तसा नाही. गेल्या महिन्यात गाय रात्री व्यायली. सकाळी खराटा घेऊन गोठ्यात गेलो तर रगत कुठलं नि शेण कुठलं, काही उमगेना. सगळं एकच काळं, वर माश्या. हा शब्द कुणाला तरी गोठ्यातच सुचला असणार, अशी आपली माझी समजूत.

भाच्याला हे सांगेपर्यंत तो परत गेममध्ये शिरला होता.

आईने सदरा दिव्याखाली धरून पाहिला. "रगत असतं तर गेलं असतं. चीक आहे. आता हा शेतातच घालत जा."